गाढवाचा पाचवा पाय

मुंगीने गाढवाला पाच पाय काढले तेव्हा माझ्या हातात चहाचा कप नव्हता, हे बरं झालं. संग्रहालयात चहा न्यायला बंदी आहे. कप असता तर तो नक्की सांडला असता, तोही चकचकीत फरशीवर, आणि मुंगीच्या मावशीने मला दालनाबाहेर काढलं असतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गाढव."

"ते दिसतंय मला. त्याचे पाय मोज."

तिने ब्रशच्या उलट्या टोकाने एकेक पाय मोजला. "पाच."

"आणि गाढवाला किती असतात?"

"चार असतात, आजोबा. पण ह्याला पाच आहेत."

मुंगी माझ्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत लहान. अकरावं अजून लागलेलं नाही. मुंगी हे नाव तिला तिच्या मावशीने ठेवलं, कारण एखादी गोष्ट पकडली की ही पोर सोडत नाही, मग ती तिच्या दुप्पट आकाराची का असेना. ही मावशी त्याच दालनाची राखणदार आहे. काळा कोट, कमरेला शिट्टी, आणि चित्राखाली ठेवलेली एक खुर्ची. एकोणीस वर्षं ती त्या चित्राची राखण करते आहे, पण चित्राकडे पाठ करून. तिचं म्हणणं, चित्र कुठे पळून जाणार आहे? नजर माणसांवर ठेवायची.

चित्र मोठं आहे, दाराएवढं. दुष्ट राजा बाळाच्या जिवावर उठलाय म्हणून एक कुटुंब पहाटे गाव सोडून निघालं आहे. गाढवावर निळ्या झग्यातली आई, तिच्या कुशीत गुंडाळलेलं बाळ, पुढे लगाम धरून चालणारा म्हातारा सुतार, आणि वर ढगात वाट दाखवणारा देवदूत. वाटेच्या कडेला एक मेंढपाळ गुडघे टेकून बसला आहे. चित्रकार जाऊन काही शतकं झाली. तेलरंग शिकायचा तर ह्या चित्राची नक्कल करायची, असा माझा नेम आहे. त्यात सगळं आहे: कापड, कातडी, केस, दगड, धुकं, आणि एक गाढव. माणसं लोकांना जमतात. गाढव जमलं की मी म्हणतो, आता तुला चित्रकला येते.

पण संग्रहालयात बसून नक्कल करायला परवाना लागतो. नवशिक्याला आधी दहा शनिवार मिळतात. अकराव्या शनिवारी संग्रहपाल साहेब स्वतः येतात आणि नक्कल मूळ चित्राशी ताडून पाहतात. पसंत पडली तर मागच्या बाजूला शिक्का, आणि वर्षभराचा परवाना. नापसंत झाली तर नाव कमी, आणि पुढची तीन वर्षं अर्जसुद्धा करता येत नाही.

"तीन वर्षांनी मी तेराची होईन," मुंगी म्हणाली होती. "म्हातारी."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. तिच्या घरी एकाच टेबलावर तीन भावंडं अभ्यास करतात आणि त्याच टेबलावर सगळ्यांची जेवणं होतात. तिने एकदा तिथे टर्पेंटाइनची बाटली उघडली, तर आईने सगळ्यांना खिडकीतून डोकी बाहेर काढायला लावली आणि बाटली थेट कचऱ्यात टाकली. रंगवायला तिला साऱ्या जगात एकच जागा होती. ह्या दालनातली, चित्रासमोरची, दोन हात रुंद. त्या जागेवर तिने खडूने खूणसुद्धा करून ठेवली होती. मावशी दर सोमवारी ती पुसायची आणि मुंगी दर शनिवारी पुन्हा करायची.

आता शिकवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा घोळ माझ्या शिकवण्यातूनच झाला.

पहिले चार शनिवार मी रंगाला हात लावू देत नाही. एक लाकडी चौकट देतो, तिच्यात आडवे-उभे दोरे ताणलेले. ती डोळ्यासमोर धरायची, म्हणजे चित्राचे चौकोन पडतात. तेवढेच चौकोन आपल्या कॅनव्हासवर आखायचे आणि एकेका चौकोनात काय दिसतं ते उतरवायचं. पूर्ण गाढव बघायचं नाही. सातव्या चौकोनात काय आहे? एक काळी तिरकी रेघ. बस्, रेघ काढ. मग तपकिरी रंगाचं पातळ अस्तर, मग नुसता उजेड आणि सावली, मग रंग. खालचा थर पातळ, वरचा तेलकट. आणि ह्या सगळ्यावर माझा एक नियम, जो मी इतक्या वेळा सांगतो की मावशीलाही पाठ झालाय: डोळ्यांना दिसतं ते काढ, डोक्याला माहीत आहे ते काढू नकोस.

"नियम कुणाचा?" मुंगीने मला त्या दिवशी विचारलं.

"माझा."

"सुतारबाबांच्या हाताला मी चारच बोटं काढली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"शाबास म्हणालो. कारण पाचवं बोट लगामामागे गेलंय, दिसत नाही."

"म्हणजे बोट असतं पण दिसत नाही, तर काढायचं नाही. मग पाय नसतो पण दिसतो, तर काढायचा."

मावशी खुर्चीत फसकन हसली. मी तिच्याकडे रोखून पाहिलं, तर ती शिट्टी पुसायला लागली.

"कुठे दिसतो?" मी म्हणालो. "दाखव."

"पुढच्या दोन पायांच्या पुढे. उचललेला. मेंढपाळाच्या नाकापाशी. धुरासारखा आहे, पण आहे."

मी चित्रापुढे उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी त्याची सफाई झाली होती. शतकानुशतकं साचून पिवळं पडलेलं वार्निश उतरवून नवं चढवलं होतं, आणि ते काचेसारखं चमकत होतं. समोरच्या भिंतीला मोठी खिडकी आहे. तिचे पडदे धुवायला गेले त्याला आठ महिने झाले. त्यामुळे सगळं ऊन फरशीवर सांडतं आणि फरशीची चकाकी चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात दिसते. मेंढपाळाच्या नाकापाशी मला एक पांढरा डाग दिसला, बाकी काही नाही.

"चकाकी आहे," मी म्हणालो.

"इथून नाहीये. खाली बसून बघा ना."

लहान मुलांमुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर अडू नये, म्हणून संग्रहालय त्यांना बुटकं स्टूल देतं. वीतभर उंच म्हटलं तरी चालेल. त्या स्टुलाकडे पाहूनच माझे गुडघे बोलायला लागले.

"मला बसायची गरज नाही," मी म्हणालो. "हे चित्र मला पाठ आहे."

ते खरंच होतं. एकतीस वर्षांपूर्वी मी ह्याची नक्कल केली होती. तिच्यामागे 'हुबेहूब' असा शिक्का आहे. नुसता 'पसंत' नव्हे. संग्रहालयाच्या इतिहासात तो शिक्का एकदाच उमटला, आणि ती नक्कल आजही संग्रहपालांच्या खोलीत टांगलेली आहे. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दहा मिनिटांत मी ही गोष्ट कशी कोण जाणे, पण सांगतोच.

"माझ्या नकलेत चार पाय आहेत," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी साहेब येणार. पाच पायांचं गाढव बघून ते काय करतील? पवित्र प्रसंगाची चेष्टा केली म्हणतील आणि तुझं नाव कापतील. झाकून टाक तो पाय."

"पण आजोबा..."

"मुंगे, झाकून टाक."

तिने ओठ घट्ट मिटले. मातकट हिरवा रंग कालवला, जवसाच्या तेलाचा एक थेंब घातला, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या पायावरून ब्रश फिरवला. पाय गेला. मी समाधानाने ब्रश धुवायला मागच्या मोरीवर गेलो. मुलं इतक्या लवकर ऐकतात तेव्हा शिक्षकाने ब्रश धुवायला जाऊ नये, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर तरी कळायला हवं होतं.

अकराव्या शनिवारी मी पोचलो तर मुंगी स्टुलावर बसलेली. वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. नक्कल चित्राशेजारी, कॅनव्हास लावायच्या लाकडी घोडीवर ठेवलेली. मावशी खुर्ची सोडून उभी होती, हे मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"सर," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोरीचं नाव कापलं गेलं तर बहीण मला घरात घेणार नाही. सांगून ठेवते."

"काळजी करू नका. चांगलं झालंय काम," मी म्हणालो, आणि नक्कल बघितली.

आईचा निळा झगा, सुताराची दाढी, बाळाच्या गालावरचा उजेड, सगळं सुरेख उतरलं होतं. गाढव तर असं, की कान हलवेल. चार पाय. आणि पुढच्या दोन पायांच्या पुढे, मेंढपाळाच्या नाकापाशी, हिरवट रंगाआडून, धुरासारखा, पाचवा.

"मुंगे!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "झाकायला सांगितला होता ना?"

"झाकला ना. तुमच्यासमोर झाकला."

"मग हा?"

"मग फडक्याने थोडा पुसला. किती झाकायचा ते तुम्ही सांगितलं नव्हतंत." तिने त्या पायाकडे बोट दाखवलं. "आधी मी चुकीचाच काढला होता, आजोबा. भरीव काढला होता. तुम्ही झाकायला लावलात तेव्हा कळलं, हा असाच आहे. झाकलेला."

मी फडकं शोधायला वळलो, तोच दारात बुटांचा आवाज आला.

संग्रहपाल साहेबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तेही कधीकाळी माझे विद्यार्थी होते. आठ वर्षांचे असताना ते ढगसुद्धा पट्टीने काढायचे. मी पट्टी काढून घेतली की रडायचे. पुढे त्यांनी चित्रं काढायचं सोडून दिलं आणि चित्रांची देखभाल करायला लागले, ते सगळ्यांच्याच हिताचं झालं. आता ते करड्या सुटात असतात आणि खिशात मोजपट्टी बाळगतात. माझ्याशी अदबीने वागतात, पण नियमापुढे कुणाचं चालू देत नाहीत.

त्यांनी आधी नक्कल मोजली. नक्कल मूळ चित्राच्या मापाची असून चालत नाही, लहान असावी लागते. "माप बरोबर," ते म्हणाले. मग दोन पावलं मागे सरले, मग पुढे आले. झगा बघितला, मान हलवली. देवदूत बघितला, मान हलवली. मग त्यांची मान थांबली.

"हे काय आहे?"

"पाय," मुंगी म्हणाली.

"कुणाचा?"

"गाढवाचा. जुना."

साहेबांनी मूळ चित्राकडे पाहिलं. पांढऱ्या चकाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सर, हे तुम्ही बघितलं होतं?"

दालनात आठ-दहा माणसं होती. ती चित्रं सोडून आमच्याकडेच बघायला लागली होती. मुंगीने ब्रश फडक्यात गुंडाळले. ती खडूच्या खुणेच्या आत पाय जुळवून उभी राहिली, आणि मला एकदम जाणवलं की ती त्या दोन हात जागेचा निरोप घेते आहे.

मला म्हणता आलं असतं, की मी झाकायला सांगितलं होतं. ते खरंही होतं.

"बघितलं नाही," मी म्हणालो. "आता बघतो."

मी स्टूल ओढलं आणि बसलो. म्हणजे बसायला सुरुवात केली. गुडघे असे कडाडले की एका बाईंनी मागे वळून छताकडे पाहिलं. शेवटचा वीतभर प्रवास मी डोळे मिटून केला. मग डोळे उघडले.

चकाकी गेली होती. फरशी माझ्या नजरेच्या वाटेतून बाजूला झाली होती आणि चित्राचा खालचा भाग प्रथमच, अगदी स्वच्छ, माझ्यासमोर होता. गवत. दगड. मेंढपाळाचं नाक. आणि त्याच्यापुढे उचललेला एक पाय. गुडघ्यात वाकलेला, खूर खाली लोंबणारा, हिरव्या धुक्याआडून बघणारा. कुणीतरी काढून झाकलेला, आणि शेकडो वर्षांनी वरचा रंग पारदर्शक होत गेल्यावर पुन्हा वर आलेला. जुन्या तेलरंगाचं असं होतं, हे मी स्वतः मुलांना शिकवतो! रंग म्हातारा झाला की पोटातलं बोलून टाकतो. दोन वर्षं हा पाय इथे उघडा होता, आणि दर शनिवारी त्याच्यासमोर उभा राहून मी मुलांना सांगत होतो, डोळ्यांना दिसतं ते काढा.

"आहे," मी म्हणालो.

"काय आहे?" साहेब.

"पाय. इथे बसून बघा."

साहेबांनी स्टुलाकडे पाहिलं, मग आपल्या पँटच्या इस्त्रीकडे, मग जमलेल्या लोकांकडे. "सर, मला उभ्यानेही दिसतं. नियमात कुठेही बसून पाहणी करण्याची तरतूद नाही."

"साहेब, बसा की," मावशी म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही." हे तिने शेजारच्या दोन दालनांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"प्रश्न तो नाही. हा पवित्र प्रसंग आहे. त्यातल्या गाढवाला पाच पाय दाखवणारी नक्कल मी पसंत केली, तर उद्या..." त्यांनी खिशातून पेन काढलं. मुंगीच्या अर्जावर दोन चौकोन होते, पसंत आणि नापसंत. पेन दुसऱ्या चौकोनाकडे निघालं.

मी भिंतीला धरून, घोडीला धरून, शेवटी मावशीला धरून उठलो. स्टूल त्यांच्यासमोर सरकवलं. आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला, जो मी पस्तीस वर्षांत त्यांच्यासाठी वापरला नव्हता.

"पट्टी खाली ठेव, बाळ. बस. आणि बघ."

साहेब बसले. विचार करून बसले असं मला वाटत नाही. त्यांचे गुडघे परस्पर वाकले. मोजपट्टीही त्यांनी खरोखरच खाली ठेवली, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, जसे आठ वर्षांचे असताना घ्यायचे.

साहेबांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"अरेच्चा," ते म्हणाले. मग खुराकडे बोट दाखवत, "पण का? एवढा मोठा चित्रकार. त्याला चार पाय मोजता येत नव्हते?"

"मोजता येत होते," मुंगी म्हणाली. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. आता दोघांची डोकी एका उंचीवर आली होती. "त्याने आधी हा पाय पुढे काढला. मीपण काढून बघितला ना. तो पुढे ठेवला की असं वाटतं, गाढव आता मेंढपाळाच्या तोंडावर लाथ मारणार. सगळे चांगले लोक, बाळ, देवदूत, आणि खाली मारामारी. म्हणून त्याने तो झाकला आणि मागे दुसरा काढला. तो चुकला, आणि मग त्याने दुरुस्त केलं. माझ्यासारखंच."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. त्यांनी नक्कल हातात मागितली, पाचवा पाय जवळून बघितला, मूळ चित्रातला बघितला, पुन्हा नकलेतला. मग शिक्का मागवला. तो मावशीने पळत जाऊन आणला, आणि ती पळू शकते हेही आम्हाला त्याच दिवशी कळलं. साहेबांनी कॅनव्हास उलटा करून गुडघ्यांवर घेतला आणि शिक्का मारला. मी वाकून वाचला. 'हुबेहूब' लिहिलं होतं.

मुंगीने उडी नाही मारली. ती खडूच्या खुणेपाशी गेली, खाली बसली, आणि खिशातून खडू काढून ती रेघ पुन्हा एकदा ठळक केली. मावशीने सगळं पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"सर," साहेब म्हणाले, "एक मदत कराल?"

"बोला."

"मला उठता येत नाही."

मी आणि मावशीने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. त्यांनी पँट झटकली, मोजपट्टी उचलली आणि पुन्हा साहेब झाले. मागाहून कळलं की सफाई करणाऱ्यांनी ऐंशी पानांचा अहवाल दिला होता आणि त्यात एकसष्टाव्या पानावर त्या पायाचं रेखाटनसुद्धा होतं. साहेबांच्या कपाटात तो दोन वर्षं पडून होता. पडदे मात्र तिसऱ्या दिवशी आले.

दाराशी पोचल्यावर साहेब थांबले. "सर, माझ्या खोलीतल्या तुमच्या नकलेचं आता काय करायचं?"

मी काही बोलणार, तोच मुंगी मध्ये पडली. "त्यांची चूक नाही. त्यांनी काढलं तेव्हा वरचं वार्निश पिवळं होतं. दिसतच नसेल."

माझी बाजू घेणारं मूल मला नेहमीच आवडतं. पण खोटं मला तिच्यासमोर टिकवता आलं नसतं. "तेव्हाची चूक नाही," मी म्हणालो. "पण गेली दोन वर्षं ते स्वच्छ आहे. दोन वर्षं मी बघितलंच नाही. नक्कल खाली काढा, साहेब. मी दुरुस्त करून देतो."

पुढच्या शनिवारी मी माझी एकतीस वर्षांपूर्वीची नक्कल घेऊन दालनात गेलो. नवशिक्याचा अर्ज भरला, वयाच्या रकान्यापाशी जरा वेळ लागला, आणि बुटकं स्टूल मागितलं. मुंगीने दोन हात जागेतली एक हात मला खडूने आखून दिली. मावशीने उशी आणली. मी रंगाची पेटी उघडली, हिरवा रंग कालवला, ब्रश उचलला.

ब्रश हवेतच अडवला गेला. मुंगीने माझ्या हातात दोऱ्यांची चौकट ठेवली.

"आधी चार शनिवार रंग नाही, आजोबा," ती म्हणाली. "सातव्या चौकोनात काय आहे ते सांगा."